भिंत सोडून पुढे आलेला बिबट्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मी अजून मागे वळून बघतो.

मी खोडाळ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेच्या मागच्या भिंतीवर मी एक बिबट्या रंगवला होता, थेट ओट्यावर बसल्यासारखा. त्या दिवशी जव्हारला जाऊन पापणीतली गाठ काढून आलो. उजव्या डोळ्यावर ही एवढी पट्टी. सोबत बायको, सुनंदा. जवळच्या पोशेरे गावात बिबट्यानं बकरी नेल्याचं जीपमध्येच कळलं होतं, त्यामुळे ती माझी बाही सोडत नव्हती.

उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. आमचं बिऱ्हाड शाळेच्या मागेच. वळलो आणि थबकलोच. काय दिसत होता माझा बिबट्या! भिंत सोडून चक्क पुढे आलेला.

"अगं, बघ," मी म्हटलं, "दोन डोळे जरा वेगवेगळं बघतात, म्हणून चित्र सपाट आहे हे लगेच कळतं. एक झाकला की चित्राला खोली येते."

"अहो, माझे दोन्ही उघडे हायेत. मला बी पुढंच आलेला दिसतोय."

शहाण्या माणसानं इथेच काय ते समजावं की नाही? मी समजलो, आपला हात बसला!

"मग विचार कर, किती जमलंय मला." मी हात पुढे करून निघालो.

"त्याचा कान हालला."

"भास असतो तो."

जवळ पोचलो होतो की लांब होतो, देव जाणे. एका डोळ्याला अंतर कुठं कळतं? आणि चित्रानं जांभई दिली. माझ्या चित्राला झाकून खरा बिबट्या ओट्यावर बसला होता!

घाबरलो म्हणजे किती? सुनंदानं कॉलर धरून मला ओढलं. किल्ली काही केल्या कुलपात जाईना, तीही तिनंच फिरवली. दाराला तांदळाची कोठी लावून उजाडेपर्यंत एकमेकांचे हात घट्ट धरून बसलो. बाहेर पान वाजलं तरी जीव जात होता.

सकाळी वनरक्षक आला. ओट्याखालचे ठसे बघून म्हणाला, "गुरुजी, खरा कुठला नि चितारलेला कुठला, कळला नाय तुम्हाला?"

सुनंदाच बोलली, "त्यांचं सोडा, चूक माझीच. यांचं चित्र बिबट्यासारखं दिसाया लागलं, तवाच पळाया पायजे होतं."