सहा घरांचा कॉम्प्युटर

चालत नाही ती वस्तू भारतात जाणार नाही, हा नियम शैलजानेच केला होता. देवव्रत निवृत्त झाले होते आणि आखातातल्या अल सद्दच्या फ्लॅटमधला सगळा संसार मोजक्या खोक्यांत बसवून पुण्याला न्यायचा होता. शेजारची नजमा मिक्सर घेऊन गेली, इस्त्री वॉचमनला दिली. मग कपाटावरून बुटांचा एक जुना खोका निघाला.

"हा चालतो?" शैलजाने विचारलं.

"चालेल."

"चालतो का, ते विचारतेय."

देवव्रतांनी झाकणावरची धूळ पुसली.

खोक्यात त्यांचा पहिला कॉम्प्युटर होता. चौऱ्याऐंशी साली, लग्न नवं असताना, त्यांनी त्याचं किट मागवलं होतं. हौशी माणसाला परवडेल असा तयार कॉम्प्युटर तेव्हा कुठे मिळायचा? पिशवीतून सुटे भाग यायचे, सोबत झेरॉक्स केलेली पुस्तिका, आणि एकेक भाग आपणच डाग देऊन सोल्डर करायचा. याला पडदा नव्हता. कॅल्क्युलेटरसारखी बटणं, आणि वर लाल आकडे उमटायला सहा घरं. वीज गेली की आत भरलेलं सगळं पुसून जायचं, आणि पुण्यात वीज जायचीच. मग पुन्हा पहिल्यापासून. शैलजा एका हाताने भाजी ढवळत पुस्तिकेतले कोड वाचायची आणि देवव्रत बटणं दाबायचे.

किट चाललं तेव्हा त्यांनी त्यावर सगळ्यात आधी तिचं नाव आणलं. इंग्रजीत अक्षरं आठ, घरं सहा. शेवटची दोन बाहेरच राहिली. त्या दिवसापासून ते तिला शैला म्हणू लागले. सासूबाईंना वाटलं, लाडाने म्हणतोय.

आता आतला एक कपॅसिटर फुगला होता. देवव्रतांनी नवा आणला आणि शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होता. घरात त्याला 'चहा जास्त होतो' एवढंच म्हणायचं, असं दोघांचं न बोलता ठरलं होतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक भलतीकडे गेलं, तांब्याच्या दोन पट्ट्यांवर मिळून सोल्डरचा एकच थेंब पडला. त्यांनी तो काढला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"फेकून दे," आयर्न स्टँडवर ठेवत ते म्हणाले.

"नेऊ या हो तसाच. नियम मी केलाय, मीच मोडते."

"नको. दया म्हणून नको न्यायला."

शैलजाने हातातली टेपची गुंडाळी खाली ठेवली. ते किटबद्दलच बोलत होते, पण तिला पुढचं खोकं भरवेना.

"सरका तिकडे," ती म्हणाली.

"तू?"

"दर दिवाळीला दारातल्या त्या एवढ्याशा फरशीवर रांगोळी कोण काढतं?"

पहिला डाग ओबडधोबड बसला.

"सोल्डर वरून ओतायचं नाही," देवव्रत म्हणाले. "आधी तार तापव. तार तापली की ते आपोआप पसरतं."

"म्हणजे फोडणीच की. तेल तापल्याशिवाय मोहरी टाकायची नाही."

"हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर माझे दोन महिने वाचले असते."

"तेव्हा तुम्ही हात लावू देत होतात का?"

दुसरा डाग चकचकीत बसला. पहिला तिने पुन्हा तापवून सारखा केला. वायर जोडली आणि सहाही घरांत लाल रेघा उमटल्या. देवव्रतांनी डोळे मिटले आणि कोड सांगायला सुरुवात केली. पुस्तिका कधीच हरवली होती, पण तेवढा एक प्रोग्राम त्यांना पाठ होता. आज ते सांगत होते आणि ती दाबत होती. मध्ये एक बटण चुकलं.

"परत," ते म्हणाले.

"ओरडू नका, मास्तर."

शेवटचं बटण दाबलं आणि तिचं नाव आलं. सहाव्या घरातली एक रेघ जळली होती.

"शेवटचा ए लंगडा झालाय," शैलजा म्हणाली.

"वयानुसार होतं. वाचता येतंय ना?"

तिने वायरला हात घातला. "बंद केलं की जाणार?"

"जाणार. पुन्हा भरावं लागेल."

"भरू. पुण्यात काय काम आहे दुसरं?"

तिने वायर काढली, किट त्यांच्या मऊ बनियनमध्ये गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. टेपचं टोक तिने त्यांच्या उजव्या हाताखाली दिलं. "धरा घट्ट." थरथरत्या बोटांनी त्यांनी ते दाबून धरलं, तिने टेप फिरवली. मग मार्कर उघडून ती थांबली.

"काय लिहू यावर?"

"लिही की," देवव्रत म्हणाले, "चालतो."