नळीच्या तोंडावरची काळी टेप

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही — आणि तिला मी दाढ दुखायला लागली तरी आधी सांगतो. मग तुम्हालाच का? ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला असतात तर जमलं नसतं, एवढं खरं.

आधी माझं काम सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — की मी मुद्दाम वेळ काढतोय? असेलही. मोठ्या हॉलमध्ये एसीची हवा पत्र्याच्या डक्टमधून फिरते. आग लागली तर धूरही त्याच वाटेने सगळीकडे जाणार. म्हणून डक्टला बाहेरून एक डबा बसवतात आणि डब्यातून एक नळी डक्टच्या पोटात सोडतात. नळीतून हवा डब्यात येते; तिच्यात धूर असला की अलार्म वाजतो आणि एसीचा पंखा आपोआप थांबतो. नायगावपासून विरारपर्यंत असे डबे तपासणं हे आमचं काम. झटपट तपासायचं तर डब्याला बाहेरून चुंबक लावायचं. लाल दिवा लागला, अलार्म वाजला — डबा ठीक. पण चुंबकाने कळतं ते एवढंच, की डबा जागा आहे. धूर त्याच्यापर्यंत पोचतो का, हे कळत नाही. त्यासाठी अधूनमधून झाकण उघडून नळी साफ करायची, खरा धूर सोडून बघायचा. ते काम माझ्याकडे होतं.

वसईतल्या एका हॉलमध्ये माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न ठरलं. हॉल मीच मिळवून दिला होता, त्यामुळे जरा तोऱ्यात होतो. धास्ती एकच — तिथे होमाचा धूर डक्टमध्ये शिरला की अलार्म बोंबलायचा. ऐन विधीत एसी बंद, पाहुणे दाराकडे पळतायत आणि सगळा गोतावळा माझ्याकडे बघतोय, हे मला आधीच दिसायला लागलं होतं. मॅनेजरला सांगून तेवढ्यापुरता डबा रीतसर बंद ठेवता आला असता. पण तो नाही म्हणाला असता तर? म्हणून मी लग्नाच्या सकाळी शिडी लावली, छताची झडप सरकवली, डब्याचं झाकण उघडलं आणि नळीच्या तोंडावर काळी टेप चिकटवली. दुसऱ्या दिवशी काढणार होतो.

नाही काढली. विसरलो म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल — मी स्वतःलाही बरेच दिवस तेच सांगत होतो. पण विसरलो नव्हतो. झालं असं, की होमा-धुपाच्या धुराने उगाच अलार्म वाजतो, या त्या हॉलच्या तक्रारीच थांबल्या. मॅनेजर भेटला की म्हणायचा, तुमचा हात लागला आणि डबा शहाणा झाला. आमच्या कंपनीच्या साहेबांनीही चार लोकांत कौतुक केलं. आता टेप काढून तो आरडाओरडा परत कशाला ओढवून घ्यायचा? नळी साफ करायची पाळी आली तेव्हा मी वर गेलो, झाकण उघडलं, टेप बघितली — आणि झाकण लावून खाली आलो.

हे एवढंच असतं तर कदाचित कधीतरी कुणाला सांगून मोकळा झालो असतो.

रमाकांत माझा जोडीदार. चांदीपचा, भातशेतीवाल्या घरातला. डब्याशीसुद्धा बोलायचा, “बोल बाबा, बोल,” आणि अलार्म वाजला की खूश व्हायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो. त्या हॉलच्या डब्याला चुंबक तोच लावायचा. नेमाने लावायचा. शेवटच्या खेपेला लावलं तेव्हा मी खाली उभा होतो. दिवा लाल झालेला मी बघितला, अलार्म माझ्या कानांनी ऐकला. हॉलमध्ये तेव्हा आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर काही दिवसांतच तिथे एक बारसं होतं. मागच्या खोलीत सजावटीच्या सामानाने पेट घेतला. आग लहानच, पाण्याच्या बादल्यांनी विझली. पण धूर डक्टमध्ये शिरला, डबा गप्प राहिला आणि एसीने तो धूर सगळ्या हॉलभर वाटला. लोक जिन्याकडे पळाले. बाळाची आजी जिन्यात पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा आधाराशिवाय चालली नाही, असं नंतर कानावर आलं. चौकशी करायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब, मॅनेजर, रमाकांत आणि मी तिथे जमलो. वर बघ, असं साहेबांनी मला सांगितलं. शिडी रमाकांतने धरली. मी पहिल्याच पायरीवर थांबलो — त्याला वाटलं, धुराच्या वासाने मला कसंतरी होतंय. “दमानं जा, मी धरलीय,” तो म्हणाला.

झाकण उघडलं. टेप तिथेच होती. मी ती सोलली आणि खिशात टाकली.

“काय दिसतं?” खालून रमाकांतने विचारलं.

काय सांगायचं होतं मी? काहीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, “वायर सैल झालीय. बऱ्याच दिवसांची दिसते.”

वायर बऱ्याच दिवसांची सैल, म्हणजे चुंबक लावून दिवा लागलाच नसता. म्हणजे रमाकांतने चुंबक लावलंच नाही, नुसतं ठीक म्हणून सांगितलं. साहेबांनी हा हिशोब तिथल्या तिथे केला. मला तो शिडीवर असतानाच कळलेला होता.

“मी लावलं होतं, साहेब. दिवा लाल झाला होता,” रमाकांत म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “तू होतास ना खाली? सांग ना यांना.”

मी म्हणालो, “मी फोनवर होतो रे. माझं लक्ष नव्हतं.”

हे ते. एवढ्यासाठी इतका वेळ गोल गोल फिरलो.

रमाकांतची नोकरी गेली. साहेब त्याला पोलिसांत द्यायला निघाले होते. मी हातापाया पडून थांबवलं. पोलीस आले असते तर तो डबा कुणीतरी नीट तपासला असता, ही मला भीती होती. रमाकांतला मात्र फक्त हातापाया पडल्याचं कळलं. तो अजून माझे उपकार मानतो.

आता तो चांदीपला शेती बघतो. भात निघालं की त्याच रानात वाल पेरतो आणि दर वर्षी मला पिशवीभर पाठवतो. फोनवर त्याचं नाव दिसलं की आधी दोन रिंगा जाऊ देतो — आज कळलं असेल का? आज विचारणार का? दुसऱ्याच्या लग्नाला गेलो तरी माझं लक्ष ताटात नसतं, छताच्या जाळीकडे असतं. शिडीवर चढताना आधी हात खिशाकडे जातो.

गेल्या खेपेला फोनवर तो म्हणाला, “इतकी वर्सं डोकं खाजवतोय. मीच नसंल लावलं रे चुंबक त्या दिवशी. मला वाटतं लावलं, पन नसंल.”

मी म्हणालो, “जाऊ दे. होतं असं.”

यंदाचे वाल परवा आले. बायकोने बिरडं केलं. मी दोनदा वाढून घेतलं.