परत आलेल्या मेलचा पत्ता

माझ्या अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, माझ्या कामाचं फार कौतुक होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच जास्त बोचतं. ती धुळ्याला एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं काम बघते. मी जळगावला घरी बसून संगणकाची कामं करतो. कॉलेजची मेल पाठवण्याची यंत्रणा सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला, तेव्हा तिने प्राचार्यांपुढे माझं नाव टाकलं. ‘आमचा भाऊ करेल ना,’ म्हणाली. भाऊ करणारच होता. भावाला त्या दिवसांत सगळंच येत होतं.

कॉलेज स्वतः मेल पाठवत नाही. मध्ये मेल पाठवणारी एक सेवा असते, तिच्यामार्फत निवड झालेल्या मुलींना मेल जाते. ती पोचली की परत आली, हे त्या सेवेने आपणहून येऊन सांगावं म्हणून तिला एक पत्ता देऊन ठेवायचा असतो. आपण विचारायला जायचं नाही, निरोप तिनेच आणायचा. याला आम्ही वेबहूक म्हणतो. आधीच्या मुलाने हा पत्ता वेबसाइटवर जाऊन, बटणं दाबून, हाताने भरला होता. का भरला, कशासाठी भरला, कुठे एक ओळ लिहून ठेवलेली नाही. असलं काम पाहिलं की माझं डोकं फिरतं. आमच्या धंद्यातली आताची रीत अशी, की सगळी मांडणी फाईलमध्ये लिहायची आणि एक प्रोग्राम ती फाईल वाचून प्रत्यक्षात तसंच करून ठेवतो. हाताने काही करायचं नाही. फाईलमध्ये आहे तेच खरं. हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या जणांना ऐकवलं की बायको म्हणाली, मग वरणात मीठ किती घालायचं तेही फाईलमध्येच लिही.

तो प्रोग्राम काही बदलण्याआधी काय काय बदलणार ते दाखवतो, आणि आपण ‘हो’ लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे मला दिसलंच नाही, असं म्हणायचीही सोय नाही. मला स्पष्ट दिसलं होतं, की निरोपांचा जुना पत्ता जाऊन त्याजागी माझा नवा येणार आहे. त्या सेवेत असा एकच पत्ता ठेवता येत होता. जुना पत्ता वेडावाकडा, नाव ना गाव. पोराने चाचणीसाठी काहीतरी टाकलं असेल, असं मी ठरवून मोकळा झालो. विचारायला एक फोन पुरला असता, आणि तोही सख्ख्या बहिणीलाच करायचा होता. मी ‘हो’ लिहिलं.

तो वेडावाकडा पत्ता अक्कासाठी होता. एखादी मेल परत आली की त्या पत्त्यावरून अक्काच्या मोबाइलवर मेसेज जाई, की अमुक मुलीची मेल पोचली नाही. मग अक्का त्या मुलीच्या घरी फोन लावी. यातल्या बहुतेक मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या. चोपड्याकडच्या पाड्यांवरच्या मुली फॉर्म भरायला तालुक्याच्या ऑनलाइनच्या दुकानात जातात. मेलच्या रकान्यात दुकानदार आपलाच पत्ता घालतो, सगळ्या मुलींना एकच. प्रवेशाच्या दिवसांत त्याची मेलपेटी गच्च भरते आणि मेल परत फिरते. मग अक्काला मेसेज, आणि अक्काचा फोन. असं इतकी वर्षं चाललं होतं की पाड्यांवर सगळे समजत, प्रवेश हा फोनवरच येतो. मेल परत येत होती म्हणूनच त्या मुलींना वेळेवर कळत होतं, आणि मी तर मेल परत येऊ नये म्हणून कंबर कसून बसलो होतो.

माझ्या नव्या पत्त्यावर येणाऱ्या निरोपांचा मी एक देखणा तक्ता बनवला. पोचलेल्या मेलची हिरवी पट्टी, परत आलेल्यांची लाल. लाल पट्टी इतकी बारीक की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. प्राचार्यांना तो तक्ता दाखवायला मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. अक्काने ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. तिचे मेसेज बंद झाले होते. त्याचा तिने एकच अर्थ लावला होता, की भावाने हातात घेतल्यापासून एकही मेल परत येत नाही. मीही पेढा खाल्ला. मला वाटलं, तक्त्याचे आहेत.

दुपारी खिडकीशी एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं होती. वडील अक्काला म्हणाले, “अक्का, फोन उना नही. म्हनीसन आम्हीच उनूत.” फोन आला नाही, म्हणून ते स्वतःच आले होते.

अक्काने संगणकात बघितलं. मुलीची निवड झालेली होती. निवड झालेल्या मुलीने ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाते. तारीख आदल्या दिवशीच संपली होती. पुढची मुलगी शिरपूरची, ती त्याच सकाळी येऊन प्रवेश घेऊन गेली होती. अक्काने आपला मोबाइल उघडून मेसेज वरखाली केले आणि माझ्याकडे वळली. अजूनही तिला माझा संशय आला नव्हता.

“मेल तर परत आली नाही ना रे?” तिने विचारलं.

मी तक्ता उघडून त्या बारीक लाल पट्टीवर बोट ठेवलं. पट्टीत एकच नाव होतं, त्या मुलीचं.

“आली होती.”

“मग मला कसं कळलं नाही?”

“निरोपाचा पत्ता बदलला.”

“कोणी बदलला?”

“मी.”

ती काही बोलायच्या आत मुलीचे वडीलच बोलायला लागले. त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, ती मागच्या टेकडीवर चढलं की लागते. “आम्ही पाळीपाळीनं टेकडीवर बसूत, फोन लीसन. पन परवा सांजले वर कोनीच नव्हतं. तव्हयच उना व्हई फोन. आमनीच चूक व्हई, अक्का.”

आजवर माझी पुष्कळ फजिती झाली आहे, पण अशी लाज मला कधी वाटली नव्हती. घरातली माणसं कामधंदा सोडून आळीपाळीने टेकडीवर बसली होती, आणि न आलेल्या फोनचा दोषही स्वतःकडे घेत होती. मी म्हणालो, “बाबा, फोन आलाच नाही. मेल परत आली ते अक्काला कळायचं, ते मी बंद करून टाकलं. चूक माझी आहे.”

त्यांनी मान हलवली. “मशीननं काय सांगता येस, भाऊ.”

मशीनचं काय सांगता येतं, हे वाक्य सगळ्या ऑफिसने उचलून धरलं. प्राचार्य म्हणाले, सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे, होतं असं. शिपाई म्हणाला, परवा लाइट गेली होती तेव्हाच काहीतरी बिघडलं असेल. जो तो मला सोडवायला बघत होता. बिघडलं काहीच नव्हतं. मशीनने माझा शब्दन् शब्द ऐकला होता.

एकटी ती मुलगी माझ्यावर चिडली. तिला ना पत्ता कळला होता ना तक्ता, पण घोडं कुठे पेंड खात होतं ते तिने बरोबर ओळखलं. “तुम्ही अक्काले इचारं का नही?” ती म्हणाली. वडिलांनी तिला दटावलं, आणि ते दटावणंही मला सहन होईना. प्राचार्यांनी एखादी जागा वाढवून मिळते का म्हणून दोनतीन ठिकाणी फोन केले. मिळत नव्हती. अक्का त्या दोघांना सोडायला फाटकापर्यंत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

संध्याकाळी तिच्या घरी जेवायला बसलो. माझ्यासाठी तिने सकाळीच भरिताची वांगी आणून ठेवली होती. तिने मला वाढलं, दाजींना वाढलं, आणि मग स्वतःच्या ताटाकडे बघत म्हणाली, “तू ते बदललंस, तेव्हा माझा फोन लागत नव्हता का?” तीही माझ्यासाठी पळवाट शोधत होती.

“लागला असता,” मी म्हणालो. “मी लावलाच नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि भाकरी मोडायला लागली.

त्याच आठवड्यात मी सगळं दुरुस्त केलं. आता निरोप माझ्याकडे येतो आणि तिथून लगेच अक्काला मेसेज जातो. फाईलमध्ये त्या ओळीच्या वर लिहून ठेवलं, हा मेसेज अक्कासाठी आहे, तिला विचारल्याशिवाय हात लावू नये. शिवाय रोज संध्याकाळी तिला एक मेसेज जातो. एकही मेल परत आली नसेल तर तसंही कळवतो, म्हणजे गप्प राहण्याचा कुणी पुन्हा वेगळा अर्थ काढायला नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण मला शहाणपण सुचलं तेव्हा रिकामं त्या मुलीचं वर्ष गेलं होतं.

यंदा त्या मुलीने फॉर्म भरला नाही. अक्काने भरायची तारीख सांगायला फोन केला, तर कळलं की ती चोपड्याला एका दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. पगार घरात लागतो म्हणाली. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. तुमच्या भावाचं काय चाललंय, असंही तिने विचारलं नाही.

परवा यंदाची पहिली यादी लागली तेव्हा मी धुळ्यात अक्काकडेच होतो. संध्याकाळी माझा मेसेज तिच्या मोबाइलवर वाजला, आज एकही मेल परत आली नाही. तिने तो मोठ्याने वाचला, ‘छान काम केलंस रे’ म्हणाली, आणि निवडीची यादी घेऊन आतल्या खोलीत गेली. दार तिने हळूच लोटून घेतलं. जरा वेळाने आतून तिचा दबका आवाज यायला लागला. ती एकेका मुलीला फोन करत होती, जिची मेल पोचली होती तिलाही.

दाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी त्यांच्याकडे बघितलं.

“एरवी बाहेर बसूनच करते,” ते म्हणाले. “आज तू आलायस ना.”