लोहाराची चौदा मिनिटं

"ऑपरेटरसाहेब, लोहाराचा सीन कुठं गेला?"

परंड्याच्या उरसात आमचा सिनेमाचा तंबू लागला होता. पहिला शो सुटला आणि एक गृहस्थ थेट माझ्या केबिनच्या दारात उभे. तेरखेड्याचे रशीदभाई, फटाक्याच्या कामातले. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. मागं त्यांचा धाकटा भाऊ सलीम, विशीतला, कंटाळलेला.

पिक्चर जुनाच. जादूची तलवार, राक्षस, उडता घोडा. तीस वर्षं मी तो जत्रांतून चालवतोय. मधली चौदा मिनिटं आम्ही कायम उडवतो. पूर्वी ते रीळ डब्यातच ठेवायचो, आता लॅपटॉपवर पुढं ढकलतो. जत्रेत शो आटोपशीर लागतात आणि त्या भागात मारामारी नाही. आमच्या धंद्यात ह्याचं कुणाला काही वाटत नाही.

"रटाळ भाग आहे तो, भाई."

"रटाळ? ल्हानपणी टॉकीजात बघितलाय म्या. त्याच्यासाठीच सलीमला आणलंय. सोमवारपासून फटाक्यात दारू भरायला जातो म्हणतोय. माझं ऐकत न्हाय. म्हटलं, लोहाराचं तरी ऐकंल."

मी ओशाळलो. खरं सांगायचं तर लोहार काय बोलतो हे मलाच माहीत नव्हतं. मी कामाला लागलो तेव्हाच ते रीळ डब्यात गेलेलं होतं.

तंबूच्या मालकांना म्हटलं, "पुढचा शो अख्खा चालवतो. या दोघांना बसू द्या."

"अन् तिसरा शो लांबला तर? पब्लिक बोंबलंल."

"मी बघतो."

मालक कपाळाला हात लावून गेटवर गेले.

तो भाग आला. नायक लोहाराकडं दुसरी तलवार मागायला येतो. लोहार काही बोलतच नाही. नुसता भाजून आकसलेला पंजा पुढं करतो. नायक बराच वेळ बघत राहतो, मग कमरेची तलवार काढून भट्टीत टाकतो.

मी चाट पडलो. शेवटच्या लढाईत हीरो रिकाम्या हातानं का, असं लोक मला नेहमी विचारायचे. मी ठोकून द्यायचो, जादूची तलवार हाय, झाली गायब! सगळा पिक्चर ज्यावर उभा, तेच मी तीस वर्षं डब्यात ठेवलं होतं.

तंबूत एकानं "पुढं घे की!" अशी आरोळी ठोकली. त्याला कुणी साथ दिली नाही. मी केबिनच्या झरोक्यातून सलीमकडं बघितलं. त्यानं भावाचा हात मांडीवर घेतला होता आणि हळूहळू रुमाल सोडत होता. रशीदभाई घरातसुद्धा तो रुमाल काढत नाहीत, हे मला नंतर कळलं. लढाई सुरू झाली तरी सलीमची नजर त्या हातावरच होती.

पुढच्या आठवड्यात रशीदभाईंचा फोन आला. सलीम सोमवारी दारू भरायला गेला नव्हता. भूमच्या एका गॅरेजात लागला होता.

त्या दिवशी तिसरा शो लांबला, पण पब्लिक काही बोंबललं नाही. उडवण्याआधी एकदा बघून घ्यावं, एवढं मी शिकलो. मालक अजून "उडव" म्हणतात. मी म्हणतो, आधी तुम्ही बसून बघा. अजून बसलेले नाहीत.