डावीकडच्या खुर्चीतले सर

“सर, जेवण झालं?” असं विचारलं की तेलंगणाच्या हद्दीतल्या आमच्या बेला गावचे हे सर उजवा अंगठा वर करून म्हणायचे, “चेक्ड.” चहा चेक्ड, लाइटबिल चेक्ड. तुम्हीही पाहिलं असेल, एखादा शब्द माणसाला असा चिकटतो. शेवटी मराठी शाळेतली त्यांची पोरंसुद्धा हजेरीला ‘हजर’ सोडून ‘चेक्ड’ म्हणायला लागली.

याचं मूळ माझ्या दुकानात आहे. मी फ्लेक्स छापतो. लग्न, वाढदिवस, श्रद्धांजली, यापलीकडे माझी कला कधी गेली नाही. एक दिवस सर मुलाला घेऊन आले आणि विमान चालवतात त्या खोलीचा फोटो पुढे ठेवला. नुसती बटणंच बटणं.

“सर, यात वाढदिवस कोनाचा हाय?” मी विचारलं.

मुलगा पायलट झाला होता. लायसन हातात होतं, नोकरी नव्हती. कंपन्यांचं म्हणणं असं, की आमच्याकडे ज्या जातीचं विमान आहे त्याचं शिक्षण स्वतःच्या खर्चानं घेऊन या, मग पाहू. त्याआधी हात बसावा म्हणून सरांनी मी छापलेला तो फ्लेक्स घरच्या भिंतीला लावला आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या. उजवीकडे मुलगा, डावीकडे कॅप्टनच्या जागी सर. सर आपल्या खणखणीत मराठी-इंग्रजीत एकेक बटणाचं नाव पुकारत, मुलगा त्यावर बोट ठेवून ‘चेक्ड’ म्हणे. एखादं राहिलं की सर पट्टी आपटत, “पुन्हा पयल्यापासून! पाशिंजर बसून हायेत मांगं.” मागे सरांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, एकट्याच मेथी निवडत बसलेल्या असत.

फी भरायची वेळ आली तेव्हा सरांनी आदिलाबादचा प्लॉट विकायला काढला. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. तो प्लॉट म्हणजे सरांचं घरच, फक्त भिंती उभ्या राहायच्या होत्या. सुट्टीच्या दिवशी बसनं जाऊन तिथलं गवत काढून यायचे.

काकू म्हणाल्या, “बैल आपला, ढेप आपली, अन् वखरनी कंपनीवाल्याइच्या वावरात?”

मीही चिडलो. “नौकरी देतो म्हनून कंपनी लिहून देऊन राह्यली काय?”

“नाई.”

“मंग काऊन इकून राह्यले?”

सर म्हणाले, “पोट्टा रोज भित्तीवरचं विमान उडवून राह्यला, भाऊ. बापाच्यानं पाह्यल्या जात नाई.”

प्लॉट गेला. शिक्षण झालं. आणि कंपनीचा फोन काही येईना. सरांचा अंगठा वर यायचा बंद झाला. जेवण झालं का विचारलं तर नुसतं “हो” म्हणायचे. दुसरा पावसाळा सरत आला तेव्हा कुठे बोलावणं आलं, आणि काकूंनी गल्लीभर जिलेबी वाटली.

पुढे मुलानं सरांचं तिकीट काढलं, नागपूरहून हैदराबादचं. विमान तोच चालवणार होता. काकू विमानाला भ्यायच्या, म्हणून सोबतीला मी. हैदराबादला जायला आधी उलटं नागपूरला. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. विमानतळावर पोचलो आणि मुलाचा फोन आला. ऐनवेळी ड्यूटी बदलली होती, तो दुसऱ्याच विमानावर होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

“सर, वापस जाऊ.”

“काऊन? हे विमान बी कोनाचं तरी पोरगंच चालवून राह्यलं न?”

सरांचा तो पहिला आणि शेवटचा विमानप्रवास. खिडकीशी बसूनही त्यांनी बाहेर पाहिलं नाही. पूर्ण वेळ नजर पुढच्या, पायलटच्या बंद दारावर. उतरताना ते दार उघडं होतं आणि एक कोवळा पायलट सगळ्यांना नमस्कार करत उभा होता. सर त्याच्यासमोर थांबले. मागे रांग खोळंबली.

“बेटा, आपके पिताजी ने क्या बेचा?”

मी शरमेनं मान खाली घातली. पोराचं हसू जागीच थांबलं. मग तो हळूच म्हणाला, “दुकान, अंकल.”

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“उनको बोलना, विमान बहुत बढिया उतारा.”