दोरा ओवण्याइतका उजेड

धाकट्याला कामावर सगळे ओव्हरलोड म्हणत. तो लिफ्टचा मेकॅनिक होता आणि अंगाने इतका किडकिडीत, की तो एकटा आत शिरला तर लिफ्टला पत्ताही लागत नाही, असं जोडीदार म्हणायचे. दिवसभर तो लिफ्टच्या डक्टमध्ये. वर काळोख, खाली काळोख, मध्ये ग्रीस माखलेले तारेचे दोर. अशा माणसाला उजेडाचं वेड लागणारच. सुट्टीच्या दिवशी तो घरी टॉर्च बनवायचा.

थोरला भाऊ शिंपी. पुढे दुकान, मागे घर. आईवडील लवकर गेल्यावर दादानेच धाकट्याला वाढवलं, उरलेल्या कापडातून त्याचे शर्ट शिवले, आणि कशालाही चांगलं म्हणायचं नाही ही शिस्त घरात घालून दिली. त्यामुळे टॉर्च कितीही जमला तरी दादाने पास करेपर्यंत तो टॉर्च नव्हे.

परीक्षा ठरलेली होती. दुकानाच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायची एक चिमुकली खोली होती. तिचा जाड पडदा ओढायचा. दादाने आत स्टुलावर बसायचं, धाकट्याने उजेड पाडायचा, दादाने सुईत दोरा ओवायचा. ओवला गेला तर टॉर्च, नाहीतर काजवा.

आजवर सगळे काजवेच निघाले होते.

कारण दादाला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं, आत्ता ऑपरेशन सोपं आहे, आणखी पिकू दिलात तर मी काही सांगू शकत नाही. वहिनी सकाळी उठून ढीगभर सुयांत दोरे ओवून त्या टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवायची, तेव्हा कुठे दुकान उघडायचं. गिऱ्हाइकांनाही माहीत होतं. एका क्लार्कला दोन्ही खिसे एकाच बाजूला असलेली पँट मिळाली. "मास्तर, झकास," म्हणून तो ती घेऊन गेला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याकडून उसवून घेतली. त्या शिंप्याचा धंदा हल्ली बरा चालला होता.

माहीत नव्हतं ते फक्त धाकट्याला. म्हणजे दिसत होतं, पण दादा चुकत असेल हा विचार त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"अहो, एकदा दाखवून तर या," वहिनी म्हणायची.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? उजेड नाही. आधी ह्याला एक धड टॉर्च बनवू दे, मग बघू."

आणि वहिनीने एकदा धाकट्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, डोळ्यांचं काही नाही हो. माझाच उजेड कमी पडतोय."

म्हणून त्याने उजेड वाढवला. पहिला टॉर्च ॲल्युमिनियमच्या नळीत बसला होता. पुढचा भंगारातल्या मोटारीच्या हेडलाइटमध्ये. त्यानंतरचा इतका तापायचा की हातात ओला टॉवेल गुंडाळून धरावा लागे. डक्टमध्ये चाचणी घेतली तेव्हा आठव्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार आली, की त्यांच्या कुंडीतलं रोप खिडकी सोडून लिफ्टकडे वळायला लागलंय. साहेबांनी धाकट्याला समज दिली. रोपाला कोणी काही बोललं नाही.

जितका उजेड वाढे तितकं दादाला जास्त पांढरं दिसे. समोर नुसती दुधाची भिंत. त्या भिंतीत तो दोरा खुपसत राही आणि शेवटी म्हणे, "काजवा."

एका सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, "भावजी, माझं दुधाचं पातेलं कुठाय?"

"वहिनी, त्याचा तळ काय जाड आहे! उष्णता मस्त ओढून घेतो."

"दूधही मस्त तापवायचं ते!"

"आता त्याहून जास्त तापेल."

पातेल्याच्या तळाला तांब्याची पट्टी, पट्टीवर दाटीने बसवलेले एलईडी, मागे कॉम्प्युटरमधून काढलेले दोन पंखे. स्कूटरची बॅटरी खांद्यावरच्या पिशवीत. फार तापलं तर आपोआप बंद व्हावं म्हणून एक कट-ऑफही लावला होता. भर दुपारी धाकटा वेल्डिंगचा चष्मा चढवून दुकानात आला. क्लार्क शर्ट न्यायला आला होता, तो उठून दाराबाहेर उभा राहिला.

"मास्तर, सांभाळून."

"तू शर्ट घालून बघितलास का?"

"घरी बघतो."

दादा सुई-दोरा घेऊन आत बसला. पडदा ओढला गेला. धाकट्याने बटण दाबलं.

पडद्याच्या विणीतून उजेड बाहेर गळायला लागला. पलीकडे टांगलेल्या कोटाची सावली छतापर्यंत गेली. पंखे घोंघावले, पडद्याच्या काठाला करपल्याचा वास सुटला. मग खट् झालं आणि सगळं विझलं. पंखे मात्र फिरत राहिले. आत मिट्ट काळोख.

धाकटा कट-ऑफवर ठोसा मारणार, एवढ्यात दादाचा आवाज आला.

"ओवला! हा बघ. याला म्हणतात उजेड. शाबास रे!"

जन्मात पहिल्यांदा. धाकटा अंधारात उभा, पोटाशी गरम पातेलं. काही बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. टॉर्च पास झाला असता, दादा मोठा राहिला असता, ती शाबासकी मरेपर्यंत पुरली असती. आणि डोळे पिकत राहिले असते.

त्याने चष्मा कपाळावर घेतला आणि हात लांब करून पडदा सरकवला. दुकानातला साधा दुपारचा उजेड आत आला. दादा स्टुलावर ताठ बसला होता, डोळे गच्च मिटलेले, आणि ओवलेली सुई उंच धरलेली. बिनओवलेली सुई त्याच्या मांडीवर पडली होती.

"दादा," धाकटा म्हणाला, "टॉर्च बंद आहे."

"कधीपासून?"

"तू ओवायच्या आधीपासून."

दादाने डोळे उघडले. ते उघडून फार काही फरक पडला नाही.

"मग सांगायचं नाही का, गाढवा!"

"आत्ता सांगितलं की."

"हे पातेलं मी म्हटलं... तिचं पातेलं गेलं, म्हटलं आता पुढे हा काय घेईल, कपाट घेईल. म्हणून गादीवरची एक ओवलेली सुई..." वाक्य त्याला शिवून पुरं करता येईना.

बाहेरून वहिनी म्हणाली, "अहो, चपला दाराशी ठेवल्यात."

दादा उठला. चपलेत पाय घालताना डावा-उजवा चुकला, तो वहिनीने बदलून दिला. धाकट्याने पातेलं खाली ठेवलं.

"ते घे बरोबर," दादा म्हणाला.

"दवाखान्यात कशाला?"

"त्या डॉक्टरकडे पेन्सिलएवढा टॉर्च असतो म्हणे. त्याला दाखव, म्हणावं आमच्या घरात असं बनतं."

रस्त्यावर भर उन्हात एक भाऊ खांद्यावर पातेलं घेऊन निघाला, दुसऱ्याने त्याचं कोपर धरलं. धरलं म्हणजे सहज, बोलता बोलता धरतात तसं.

"दादा, पुढे खांब आहे."

"दिसतोय मला," दादा म्हणाला, आणि खांब येईपर्यंत कोपर आणखी घट्ट धरून ठेवलं.