आजोबा येईपर्यंत

ऑफिसात तिला सगळे कोडूताई म्हणत. व्हिडिओ गेममधली कोडी रचणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि गप्प बसणं हा तिचा कच्चा विषय. कुणी नवं कोडं खेळून बघत असलं की मागे बसून अवाक्षर काढायचं नाही, हा नियम तिनेच केला होता. पाळताना मात्र ती खुर्चीत नुसती चुळबुळत राही.

सध्या तिचा जीव अकराव्या खोलीत अडकला होता. गेममध्ये एक नात आजोबांना घेऊन निघालेली असते. बाकीची दारं ढकलून, ओढून उघडतात. हे एकच दार आजोबा पोहोचल्याशिवाय उघडत नाही. नात हलली की आजोबा दमून बसतात, ती थांबली की हळूहळू येतात. म्हणजे बटणावरचा हात काढायचा आणि वाट बघायची, बस्स! पण आठ जणांनी खेळून पाहिलं आणि आठही जणांनी बटणं बडवली. "गेम हँग झालाय," ते म्हणाले. साहेबांनी बजावलं, "सोमवारी मी स्वतः बसतो. उत्तर मला कुणी सांगायचं नाही. नाही जमलं तर खोली काढून टाकायची." खोली गेली तर आख्ख्या गेमचा जीवच गेला, असं कोडूताईला वाटलं.

रविवारी तिने मावशीला बसवलं. मावशीने जन्मभर सुईणीचं काम केलेलं. वाट बघण्यात तिचा हात कोण धरणार! तिनेही दाराला दोन धक्के दिले, मग नातीला मागे वळवलं.

"अगं, म्हातारा कुठे राहिला? हा बघ, बसलाय! मी हलले की बसतो मेला." मावशीने रिमोट मांडीवर ठेवला. "ये बाबा सावकाश. मला काही घाई नाही."

दार उघडलं. कोडूताईने कपाळावर हात मारला. ते आठ जण काही मठ्ठ नव्हते. आजोबा पडद्याबाहेर राहायचे, त्यांना दिसणार कसे? तिने तिथल्या तिथे काठीचा आवाज घातला. नात थांबली की मागून टक, टक.

सोमवारी साहेब बसले. बटणं बडवली, वैतागले, चहाच्या कपाकडे हात नेला. तेवढ्यात टक. त्यांनी कान टवकारले. बटण दाबलं, आवाज बंद. सोडलं, टक, टक. लिफ्टसाठीसुद्धा न थांबणारा तो माणूस दोन्ही हात मांडीवर ठेवून चांगला मिनिटभर बसला. कोडूताईने ओठ इतके गच्च मिटले होते की ते दुखायला लागले.

दार उघडलं. आजोबांनी नातीचा हात धरला.

"राहू दे ही खोली," साहेब म्हणाले. आनंदाने कोडूताईला रडूच फुटायचं बाकी होतं. पण साहेब खुर्चीतून उठेनात. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "लगेच पुढे चालवू का? दमले नसतील ना ते?"